चाकाचे नट किती आवळावेत, आणि आवळण्याआधी काय पाहावे

नागपूरच्या मनीषनगर येथील एका वाहनमालकांनी असे विचारले आहे: त्यांच्या स्विफ्टच्या पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क आणि पॅड बदलून घेतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ते सहकुटुंब वर्ध्याला निघाले. बुटीबोरी ओलांडल्यावर डाव्या पुढच्या चाकातून ठक-ठक आवाज येऊ लागला, म्हणून त्यांनी गाडी थांबवून पाहिले, तेव्हा चारपैकी तीन नट बोटांनी फिरत होते. गाडीबरोबर मिळालेल्या एल-पान्यावर पूर्ण वजनाने उभे राहून त्यांनी ते घट्ट केले आणि गाडी परत आणली. गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की नट गनने (हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने) आवळले होते, मे महिन्याचे ऊन आणि खराब रस्ता यांमुळे असे होतच असते. गाडीला बाहेरून घेतलेली अलॉय चाके आहेत आणि प्रश्नकर्त्यांचे वजन ८२ किलो आहे. त्यांना चार गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: नट सैल का झाले, ते नेमके किती आवळायचे असतात, पान्यावर उभे राहणे बरोबर होते का, आणि उन्हाचा खरोखर काही संबंध आहे का.

सर्वांत आधी तातडीचे सांगतो. त्या डाव्या चाकाचे चारही स्टड (ज्यांवर नट फिरतात ते आट्यांचे दांडे) बदलले जाईपर्यंत गाडी महामार्गावर नेऊ नये. नट आता घट्ट आहेत म्हणून धोका टळला असे मानू नये, कारण त्या स्टडांवर एकापाठोपाठ दोन परस्परविरुद्ध अत्याचार झालेले आहेत. प्रथम ते सैल नटांनिशी धावले आणि नंतर गरजेच्या जवळजवळ दुप्पट जोराने ताणले गेले. हे कसे झाले ते समजण्यासाठी नट आणि स्टड मुळात कोणते काम करतात ते पाहावे लागेल.

बहुतेकांची, आणि खेदाने सांगतो, माझ्या व्यवसायातील अनेकांचीही समजूत अशी असते की चाक त्या चार स्टडांवर टांगलेले असते आणि गाडीचे वजन स्टड पेलतात. प्रत्यक्षात तसे नसते. नट आवळला की स्टड रबरासारखा, अर्थात अगदी किंचित, ताणला जातो. तो पूर्वस्थितीत येऊ पाहतो आणि त्या ओढीने रिम, डिस्क आणि हब (चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग) हे तिन्ही एकमेकांवर दाबून धरले जातात. १२ मिलिमीटर जाडीच्या कोरड्या, स्वच्छ आट्यांच्या स्टडवर १०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, दिला तर एका नटामागे सुमारे ४ टनांचा दाब निर्माण होतो. चार नटांचा मिळून तो सुमारे १६ टन भरतो. इतक्या दाबाखाली चिकटलेल्या पृष्ठभागांमधले घर्षणच गाडीचे वजन, ब्रेकचा झटका आणि वळणावरचा रेटा पेलून धरते. लहान गाडीच्या एका चाकावर वजन तीनशे किलोंच्या आसपास असते, त्यामुळे हे घर्षण गरजेच्या कित्येक पट ठरते. दाब योग्य असेल तोपर्यंत स्टडला आडवा भार जवळजवळ जाणवतच नाही.

आता या हिशेबातील नाजूक जागा पाहा. ४ टनांच्या ओढीखाली स्टड किती लांबतो? रिम आणि डिस्क यांच्या जाडीत सापडणारी त्याची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर धरली, तर वाढ मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी होते, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहून अधिक नाही. सगळी पकड तेवढ्याशा ताणावर उभी असते. रिम आणि हब यांच्यामध्ये गंजाची पापडी, रंगाचा थर किंवा चिखलाचा सुकलेला कण राहिला आणि गाडी चालू लागल्यावर तो चिरडून केसाच्या निम्म्या जाडीइतका जरी खाली बसला, तरी स्टडमधील ताणाचा मोठा भाग निघून जातो. नट स्वतः फिरलेला नसतो, पण त्याची पकड गेलेली असते. पकड गेली की रिम हबवर सूक्ष्मपणे सरकू लागते, त्या सरकण्याने नट उलटा फिरायला लागतो, आणि मग आपण ऐकलात तो आवाज येतो. माझ्या अनुभवात दुरुस्तीनंतर सैल झालेल्या नटांपैकी फार थोडे कमी जोराने आवळल्यामुळे सैल झालेले होते. बहुतेकांच्या खाली काहीतरी दबले होते. म्हणून पान्याइतकेच महत्त्व मी वायर ब्रशला देतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. गॅरेजमध्ये मदतनीस म्हणून लागलो त्या दिवसांत एका टॅक्सीचे पासिंग होते, आणि गाडी नवी दिसावी म्हणून मी चाके काढून रिमांना आतून-बाहेरून चंदेरी रंगाचे दोन हात दिले. जोशात हबच्या तोंडावरही कुंचला फिरवला. रंग वाळलाही नव्हता तोच चाके चढवली आणि लांब पाइप लावून, दोन जणांनी मिळून, नट आवळले. टॅक्सी अमरावती रस्त्याने कोंढाळीपर्यंत गेली आणि तिथून डुगडुगत परत आली. उस्तादांनी चाक उतरवून मला हबचे तोंड दाखवले: रंग नटांभोवती पिठासारखा चिरडला होता. ते काही बोलले नाहीत, फक्त हातात पॉलिश पेपर दिला आणि चारही चाकांचे बसण्याचे तोंड धातू दिसेपर्यंत माझ्याकडून घासून घेतले. जोर कमी पडला नव्हता, हे मला त्या दिवशी कळले.

आपल्या गाडीत नवी डिस्क बसली आहे. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा पातळ लेप दिलेला असतो, तो पुसून काढावा लागतो. जुनी डिस्क निघाल्यावर हबच्या तोंडावर, विशेषतः मधल्या कंगोऱ्याच्या मुळाशी आणि स्टडांच्या भोवती, गंजाचे कडे उरते. ते खरवडले नाही तर नवी डिस्क त्या कड्यावर तिरकी बसते. तिरकी बसलेली डिस्क दोन तऱ्हांनी त्रास देते. नट सैल पडतात, आणि ते सैल पडले नाहीत तरी काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू लागते, कारण डिस्क फिरताना आत-बाहेर डुलते आणि पॅडवर घासून तिची जाडी जागोजागी असमान होते. डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू असेल तर त्याचे डोके डिस्कच्या पृष्ठभागाच्या वर आलेले नसावे. रिमची आतली बाजूही पाहावी. अलॉयला पांढरट, भुकटीसारखा थर धरतो, तोही घासून काढावा. ही सगळी साफसफाई एका चाकाला पाच मिनिटांची आहे, आणि गर्दीच्या दिवशी नेमकी तीच पाच मिनिटे वाचवली जातात.

दुसरी शंका मला आपल्या अलॉय चाकांविषयी आहे. नट आणि रिम जिथे एकमेकांना भिडतात ती बसण्याची जागा तीन प्रकारची असते: शंकूसारखी निमुळती, अर्धगोल, किंवा सपाट वॉशरची. होंडाच्या मूळ चाकांना अर्धगोल बसण असते, टोयोटाच्या बऱ्याच मूळ अलॉयना सपाट वॉशरचे नट लागतात, आणि बाजारातून घेतलेल्या अलॉयना बहुधा ६० अंशांची निमुळती बसण असते. निमुळत्या छिद्रात अर्धगोल नट बसवला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो. पाना घट्टपणा दाखवतो, परंतु थोड्याच अंतरात ती रेषा अॅल्युमिनियममध्ये रुतते आणि पकड जाते. आपले नट काढून त्यांच्या टेकणाऱ्या भागावरचा घासल्याचा पट्टा पाहावा. तो रुंद आणि सगळीकडे सारखा असेल तर जोडी बरोबर आहे. बारीक रेघ असेल किंवा पट्टा एकाच बाजूला असेल तर त्या रिमसाठी योग्य असलेले नट घ्यावेत. आट्यांचे मापही जुळले पाहिजे. मारुतीच्या गाड्यांत आट्यांचे अंतर १.२५ मिलिमीटर असते, ह्युंदाई, होंडा आणि टोयोटात ते १.५ असते, चुकीचा नट दोन-तीन फेरे बोटांनी जातो आणि मग अडतो, आणि तिथे गन लावली की स्टडचे आटे गेलेच म्हणून समजावे. बाहेरच्या अलॉयचे मधले भोक हबच्या कंगोऱ्यापेक्षा मोठे असेल तर मधली फरकाची रिंगही बसवून घ्यावी, म्हणजे चाक आपोआप मध्यावर येते.

आता आपला मुख्य प्रश्न: किती? याचे अधिकृत उत्तर गाडीच्या मालक-पुस्तिकेत असते आणि ते इतर कोणाच्याही, माझ्याही, सांगण्यापेक्षा वरचढ मानावे. अंदाज यावा म्हणून सांगतो की मारुतीच्या जुन्या पिढीच्या छोट्या गाड्यांना ८५ न्यूटन-मीटर आणि नव्या पिढीच्या स्विफ्ट-बलेनोसारख्यांना १०० न्यूटन-मीटर दिलेले असते. टोयोटाच्या इनोव्हासारख्या गाड्यांना १०३, होंडा सिटीला १०८, आणि नटांऐवजी बोल्ट वापरणाऱ्या फोक्सवॅगन पोलोला १२०. पुस्तिकेत कधी किलोग्राम-मीटर हे एकक असते. १ किलोग्राम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर, म्हणून ढोबळ हिशेबाला दहाने गुणले तरी चालते.

याच हिशेबाने आपण पान्यावर उभे राहिलात तेव्हा काय झाले ते पाहता येते. गाडीबरोबरच्या एल-पान्याची दांडी साधारण २५ सेंटिमीटर असते. तिच्या टोकावर ८२ किलो म्हणजे २० किलोग्राम-मीटरहून अधिक, म्हणजे सुमारे २०० न्यूटन-मीटर. आपण पान्यावर किंचित उसळी घेतली असेल, जशी आपण सगळेच घेतो, तर त्याहूनही जास्त. इतक्या टॉर्कला १२ मिलिमीटरचा स्टड आपल्या लवचीकपणाच्या मर्यादेपाशी किंवा तिच्या पलीकडे जातो. तो ताणला जातो पण परत येत नाही, आणि परत न येणारा स्टड पकड धरून ठेवत नाही. त्या परिस्थितीत, रस्त्याच्या कडेला, कुटुंब बरोबर असताना, सैल चाकाने पुढे जाण्यापेक्षा जास्त घट्ट करून हळू परत येणे हेच योग्य होते. त्याबद्दल मी आपल्याला दोष देत नाही. पण तो तात्पुरता उपाय होता.

सैल चाकाने धावण्याचा परिणाम याहून वाईट असतो. आपल्या गाडीचे चाक प्रत्येक किलोमीटरला पाचशेहून अधिक फेरे घेते, आणि नट सैल असताना प्रत्येक फेऱ्यात स्टड एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला वाकवला जातो. दहा किलोमीटर गेलो तरी पाच हजारांहून अधिक वेळा. लोखंडी तार हातात धरून उलटसुलट वाकवली की ती एका क्षणी तुटते, तसेच हे आहे. तडा आट्यांच्या तळाशी सुरू होतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि काही आठवड्यांनी सगळे नट नीट घट्ट असताना स्टड मुळातून तुटतो. जो चौथा नट सैल नव्हता त्याच्या स्टडने तर बाकी तिघांचा भार सोसला आहे. म्हणूनच मी तीन नव्हे, चारही बदला असे म्हणतो. स्टड हबमध्ये मागून दाबून बसवलेले असतात. ते हातोड्याने ठोकून बसवण्यापेक्षा प्रेसने किंवा वॉशरांच्या साहाय्याने ओढून बसवावेत, कारण ठोकल्याने चाकाच्या बेअरिंगला मार बसतो. त्याच वेळी रिमच्या छिद्रांकडे पाहावे. छिद्र अंडाकृती झाले असेल किंवा टेकण्याच्या जागेवर खळगे पडले असतील तर ती रिम पुन्हा वापरू नये. वेल्डिंग करून छिद्र भरून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नये.

चाक चढवण्याचा क्रम असा. स्वच्छ हबवर चाक ठेवून सर्व नट प्रथम बोटांनीच लावावेत. प्रत्येक नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. एखादा मध्येच अडला तर पान्याचा जोर न लावता तो काढून आटे वायर ब्रशने साफ करावेत, आणि तरीही नवा नट मध्येच अडत असेल तर स्टड ताणला गेला आहे असे समजावे. सुरुवात वरच्या नटापासून करावी, म्हणजे चाक हबवर टेकते आणि खालून उघडे राहत नाही. मग एका हाताने चाक हलवत दुसऱ्या हाताने नट छोट्या पान्याने टेकवत न्यावेत, जेणेकरून निमुळती बसण चाकाला मध्यावर आणेल. त्यानंतर टायर जमिनीला जेमतेम टेकेल इतका जॅक उतरवून सर्व नट निम्म्या टॉर्कला आणावेत, गाडी पूर्ण उतरवावी आणि मग पूर्ण टॉर्क द्यावा. क्रम नेहमी समोरासमोरचा असावा: चार नट असतील तर कर्णाने, पाच असतील तर एक सोडून एक, जसा आपण न उचलता चांदणी काढतो तसा. शेजारचे नट ओळीने आवळत गेले तर पहिल्या नटाची बाजू आधी रुतते आणि समोरची बाजू किंचित उघडी राहते. शेवटी पान्याला सगळे सारखे लागतात, पण पकड सारखी नसते. एक पूर्ण फेरी झाल्यावर त्याच क्रमाने आणखी एक फेरी मारावी, कारण चौथा नट आवळल्यावर पहिल्याचा ताण थोडा उतरलेला असतो.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या टॉर्कला ‘टक्’ करणारा पाना, कशी वापरावी याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ती असूनही चुकीची वापरलेली मी अधिक वेळा पाहिली आहे. दांडीवरचा आकडा लावावा, मुठीच्या जागीच धरावी आणि सावकाश, सलग ओढावी. ‘टक्’ झाले की थांबावे. खात्रीसाठी पुन्हा दोन-तीन वेळा टकटक करणारे प्रत्येक वेळी नट थोडा पुढे नेत असतात. तिने नट उघडू नयेत, तिला पाइप लावू नये, आणि काम झाले की स्प्रिंगवर ताण राहू नये म्हणून तिचा आकडा तळाच्या खुणेवर आणून ठेवावा. मानकांनुसार अशा रेंचची तपासणी वर्षातून एकदा किंवा ५,००० वापरांनंतर, जे आधी येईल तेव्हा, करून घ्यायची असते. चाकांच्या कामाला अर्ध्या इंची चौकोनाची, सुमारे ३० ते २०० न्यूटन-मीटर मर्यादेची रेंच पुरते.

रेंच नसेल तर काय? घरी सामान तोलण्याचा हुकाचा डिजिटल काटा असतो, ५० किलोंपर्यंतचा. एल-पाना नटावर असा बसवावा की दांडी डावीकडे आणि जमिनीला समांतर येईल. नटाच्या मध्यापासून मोजून बरोबर २५ सेंटिमीटरवर काट्याचा हुक अडकवावा आणि काटा सरळ वर, दांडीशी काटकोन राखून ओढावा. काट्यावर ३५ किलो दिसले की ८५ न्यूटन-मीटर झाले, ४१ किलो दिसले की १००. दांडी लांब असेल आणि हुक ५० सेंटिमीटरवर लावता आला तर याच्या निम्मे वजन पुरते. हे प्रयोगशाळेचे मोजमाप नाही, पण ‘हाताच्या अंदाजा’पेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहे. त्या दिवशी मोजून आवळताना हाताला काय जाणवते ते लक्षात ठेवावे. पुढे रस्त्यावर पंक्चर झाले तर तीच जाणीव उपयोगी पडते.

गनविषयी गॅरेजवाल्यांनी जे सांगितले त्यात ‘गनने आवळले’ हे जणू हमीपत्र असल्यासारखे मांडले आहे. अर्ध्या इंची गन कॉम्प्रेसरच्या पूर्ण दाबावर चारशे-पाचशे न्यूटन-मीटर देऊ शकते, आणि त्याच टाकीवर शेजारी कोणी टायरमध्ये हवा भरत असेल तर बरेच कमी देते. म्हणजे तिच्या आवाजावरून नट किती आवळला हे कोणालाच कळत नाही. नट वेगाने टेकवण्यापुरती ती उत्तम आहे आणि आम्हीही वापरतो. शेवटचा हात मात्र रेंचचाच असावा. गनने पिरगळलेल्या नटांचा आणखी एक उपद्रव म्हणजे रात्री उमरेड किंवा काटोल रस्त्यावर पंक्चर झाल्यावर गाडीतल्या छोट्या पान्याने ते निघतच नाहीत, आणि मालक पाइपच्या शोधात फिरतो.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावावे का, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण आवळताना हा मोह नेहमी होतो म्हणून लिहितो. लावू नये. नटाला दिलेल्या टॉर्कपैकी सुमारे नऊ दशांश भाग घर्षणातच खर्च होतो, निम्मा नटाच्या टेकण्याच्या जागी आणि बाकीचा आट्यांत. स्टड ताणायला जेमतेम एक दशांश उरतो. पुस्तिकेतला आकडा कोरडे, स्वच्छ आटे गृहीत धरून दिलेला असतो. तेल लावले की घर्षण घटते आणि त्याच आकड्याला स्टड पाव-तृतीयांशाने जास्त ताणला जातो; म्हणजे रेंच बरोबर, आणि काम चुकीचे. पावसाळ्यात चाक हबला चिकटून बसते अशी तक्रार असेल तर हबच्या मधल्या उभ्या कंगोऱ्यावर बोटाने ग्रीसचा पुसट थर द्यावा. बसण्याच्या सपाट तोंडावर आणि आट्यांवर मुळीच नाही.

आता ऊन. नागपूरचे मे महिन्यातील ४५-४६ अंश माणसाला असह्य असतात, चाकाच्या नटाला नाहीत. उताराच्या किंवा गर्दीच्या रस्त्यावर ब्रेक दाबत गेलात तर डिस्क सहज शंभर अंशांच्या पुढे जाते, आणि ती डिसेंबरातही जाते. उन्हाने नट सैल होत असते तर दर उन्हाळ्यात विदर्भातील प्रत्येक गाडीची चाके डुगडुगली असती. खराब रस्त्याचेही तेच. योग्य पकड असलेला नट खड्ड्यांनी सैल होत नाही, आधीच पकड गमावलेला नट मात्र खड्ड्यांनी लवकर उघडा पडतो. तपासणी मात्र चाक थंड असतानाच करावी. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गरम अलॉय स्टडला आतून अधिक ताणून धरते आणि नट खरा आहे त्यापेक्षा घट्ट वाटतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तिथून उतरून लगेच पेट्रोल पंपावर नट तपासणे याचा उपयोग नाही. गाडी रात्रभर उभी राहू द्यावी आणि सकाळी, ऊन चढण्याआधी तपासावे.

ही पुन्हा तपासणी चाक काढण्याच्या प्रत्येक कामानंतर ५० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान करायची असते. नागपूरकरांना मी सांगतो की रामटेकला जाऊन आलात की साधारण तेवढे होते. नट आधी सैल करू नयेत. रेंचला ठरलेला आकडा लावून प्रत्येक नट ओढावा. न हलता ‘टक्’ झाले तर उत्तम. किंचित फिरून ‘टक्’ झाले तर पृष्ठभाग बसले असे समजावे आणि आणखी ५० किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे. दुसऱ्या वेळीही फिरला तर मात्र पुन्हा पुन्हा आवळत बसू नये. चाक उतरवून खाली काय दबते आहे ते शोधावे. मधल्या काळात नटाच्या मुळाशी गंजाचे ओघळ किंवा काळपट भुकटी दिसली, किंवा कमी वेगाला स्टिअरिंग डोलू लागले, तर तीही सरकत्या रिमचीच खूण असते.

गॅरेजवाल्यांशी भांडण न करता त्यांच्यासमोरच डावे चाक उतरवायला लावावे आणि डिस्क काढून हबचे तोंड पाहावे. तिथे गंजाचे कडे किंवा चिरडलेला थर सापडला तर स्टड, नट आणि मजुरी त्यांनी सोसावी, हे म्हणणे न्याय्य ठरेल, आणि सहसा कारागीर ते दिसल्यावर स्वतःच मान्य करतो. नटांवरचा पट्टा एका बाजूला घासलेला निघाला तर दोष अलॉयबरोबर दिलेल्या नटांचा आहे आणि तो खर्च आपला. उजवे चाकही त्याच हातांनी, त्याच दिवशी बसवलेले आहे. ते सैल झाले नाही म्हणून सोडून देऊ नये, तेही उतरवून घासून, मोजून पुन्हा बसवून घ्यावे.